रिलीवर आल्याशिवाय

आमच्या घरी दूध तापवायचे नियम प्लांटमधून आले होते. पातेलं गॅसवर ठेवलं की ते ठेवणाऱ्याच्या चार्जमध्ये. मधेच फोन वाजो, दारात कुणी येवो, जागा सोडायची नाही. दुसऱ्याला हाक मारायची, त्याने ओट्याशी येऊन उभं राहायचं, पातेल्याकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि "घेतलं" म्हणायचं. मगच पहिल्याने हलायचं. आतल्या खोलीतून "आले, आले" असं ओरडणं आमच्याकडे चालत नसे. माझ्या मैत्रिणींना हे सगळं फार गमतीचं वाटायचं. मला मात्र बारावीपर्यंत वाटत होतं की सगळ्यांच्याच घरी असं असतं.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, क्रेन ऑपरेटर होते. शेडच्या छताखाली रुळांवरून पुढे-मागे सरकणारी ती अवजड क्रेन, आणि तिला लटकलेली काचेची केबिन. त्या केबिनमध्ये त्यांची अख्खी नोकरी गेली. भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातशेतांतून, आलेला माणूस असा अधांतरी बसायला कसा तयार झाला, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. "वरून सगळं दिसते नं व," एवढंच म्हणाले. पाळी संपल्याचा भोंगा वाजला की खालचे लोक डबे उचलून निघायचे, पण क्रेनवाल्याला उठता येत नसे. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीवर, शिडी चढून केबिनमध्ये आला आणि त्याने हँडलवर हात ठेवला की मग उठायचं. तो आलाच नाही तर बसून राहायचं, डबल ड्यूटी पडली तरी. त्यामुळे आई भोंग्यावर कधी ताट वाढत नसे. फाटकाची कडी वाजली की वाढायची.

मी भिलाईतच शिकले आणि कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याला गेले. तिथे माझं मराठी लोकांनी इतक्या प्रेमाने दुरुस्त केलं, की पहिल्या वर्षी मी दुकानात हिंदीच बोलायचे. "मी जेवून राहिले" म्हटलं की लोक हसायचे, आणि मी जेवायचं थांबायची. पुढे इस्त्री केल्यासारखं पुणेरी बोलायला शिकले, ते अजून कामाच्या फोनवर वापरते. बाबा निवृत्त झाले, रुआबांध्याचं प्लांटचं क्वार्टर सुटलं, भिलाईतच स्मृति नगरात त्यांनी घर बांधलं. त्या घरात आईला दोन वर्षंच मिळाली.

आईच्या तेराव्याला मी बाबांना म्हटलं की चला माझ्यासोबत पुण्याला. पाहुण्यांच्या पत्रावळ्या उचलता उचलता ते म्हणाले, "पोरी, मले भिलाईतून हालवू नोको." बस, एवढंच. मी पुढे एक शब्द बोलले नाही. तीन महिन्यांत मीच पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळून आले, आणि कंपनीला कळवलं की मी घरून काम करीन. त्या वेळी सगळेच घरून काम करायचे, त्यामुळे कुणी फारसे प्रश्न विचारले नाहीत. या गोष्टीला आता सहा वर्षं झाली.

मी काय काम करते, हे बाबांच्या मित्रांना ते "बटाटे सांभाळते" असं सांगतात, आणि ते अगदीच खोटं नाही. बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये खोल्याखोल्यांत तापमान मोजणारी यंत्रं असतात. ती दर मिनिटाला आकडे पाठवतात. माझा प्रोग्राम ते आकडे घेतो, तपासतो, आणि एखादी खोली तापायला लागली तर तिथल्या माणसाला फोन करतो. प्रोग्रामच्या पोटात एकाच वेळी काम करणारे काही धागे असतात, थ्रेड म्हणतात त्यांना. एक थ्रेड आकडे गोळा करून एका रांगेत ठेवत जातो आणि दुसरा रांगेतून उचलून तपासत जातो. वर्षभर हे गुण्यागोविंदाने चाललं. मग गिऱ्हाइकाने खोल्या वाढवल्या, एकट्या थ्रेडला काम उरकेना, म्हणून मी तपासणारे दोन केले. अर्ध्या तासाचं काम होतं. मी चहा पिता पिता ते केलं, आणि तेच मला भोवलं.

त्यानंतर प्रोग्राम पडायला लागला. रोज नाही, दोन-तीन दिवसांतून एकदा, कधीही. पडला की पुण्याहून कुणीतरी तो पुन्हा उठवायचं. तेवढ्यात बटाट्यांचं काही बिघडलं नाही हे खरं, पण बिघडू शकलं असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत कंपनीने फर्मान काढलं की पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं.

माझ्या वरची बाई समजूतदार आहे. माझ्याहून वयाने लहान, पण डोकं थंड. तिने फोन केला. "हे बघ, तुझे वडील एकटे आहेत हे मला माहीत आहे. तुझ्यासाठी मी वर शब्द टाकीन. पण कोणत्या तोंडाने टाकू? पंधरा दिवसांत तुझा प्रोग्राम पाच वेळा पडलाय. वरचे म्हणतील, घरून काम केल्यावर हे असंच होणार."

"घरून केल्यामुळे पडत नाहीये तो," मी म्हटलं.

"मग कशामुळे पडतोय?"

"शोधतेय," मी म्हटलं.

"आधी तो उभा कर," ती म्हणाली. "आठवडाभर न पडता चालू दे. मग मी बघते."

फोन ठेवला आणि मी हिशेब मांडायला बसले. बाबा येणार नाहीत, हे मी धरूनच चालले होते. त्यांना एकटं सोडून मी जाणार नाही. म्हणजे नोकरी सोडायची. चाळिशीच्या उंबरठ्यावर भिलाईत बसून नवी नोकरी शोधायची, तीसुद्धा असली, हा विचारसुद्धा जिवावर येत होता. सगळं एका प्रोग्रामवर येऊन ठेपलं होतं, आणि तो प्रोग्राम माझ्या मशीनवर काही केल्या पडत नव्हता. मी दिवसभर चालवून पाहिला. मुद्दाम हजारो आकडे ओतले. माझ्यासमोर तो शाळेतल्या हुशार पोरासारखा वागायचा आणि पाठ फिरली की तिकडे गिऱ्हाइकाकडे लोळण घ्यायचा. मी आधी गिऱ्हाइकाच्या मशीनला दोष दिला, मग तिथल्या विजेला, मग ज्याने मशीन बसवलं त्याला. माझा राग नाकावरच असतो. त्या तीन दिवसांत कामवाल्या बाईपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यात भाजून निघाले.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा अंगणात ऊन खात तिवरा निवडत बसले होते. तिवरा म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडची लाखोरी. तिची कोवळी पानं हिवाळ्यात भाजीला येतात, आणि ती निवडायला फार वेळ लागतो. मी लॅपटॉप घेऊन पायरीवर बसले होते.

"तीन दिवसापासून तोंड फुगवून बसली हायेस," बाबा म्हणाले. "काय झालं व?"

"प्रोग्राम पडून राहिला."

"कसा पडते?"

"तुमाले नाही समजणार बाबा."

बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं. बाबांना वाटलं असेल-नसेल, त्यांनी दाखवलं नाही.

"नाही समजलं तं नाही समजलं," ते म्हणाले. "सांगाले काय जाते?"

म्हणून मी सांगायला बसले. एरवी कुणी माझ्या कामाची चौकशी केली की मी चार वाक्यांत कटवते. पण त्या दिवशी ते सगळं कुणासमोर तरी ओकून टाकायचं होतं.

"एक खोली हाये समजा," मी म्हटलं. "तिची चावी एकच. ज्याच्या हातात चावी तोच आत जाईन, दुसरा नाही. एक मानूस बाहेरून पोते आणून त्या खोलीत ठेवते. अन् दोन लोडर हायेत, ते पोते उचलून पुढं नेते."

"ठीक हाये."

"लोडर चावी घेऊन आत गेला. पाह्यलं तं खोली खाली, एक बी पोतं नाही. मंग काय करीन?"

"बसन तिथीच वाट पाहत."

"चावी घेऊन आत बसला तं पोतेवाला आत कसा येईन?"

बाबांनी हातातली काडी बाजूला ठेवली आणि हसले. "बरोबर. दोघंही जल्मभर बसून राहीन. मंग चावी बाहेर ठेवा लागन."

"तेच करते तो. चावी ठेवते अन् झोपून जाते. पोतं आलं की पोतेवाला घंटी वाजवते. घंटी वाजली की हा उठते, चावी घेते, आत जाते अन् पोतं उचलते."

झोपायच्या आधी चावी खाली ठेवणं आणि जागं झाल्यावर ती पुन्हा हातात घेणं, हे घंटीसकट एका व्यवस्थेत बांधलेलं असतं. तिला आमच्या धंद्यात कंडिशन व्हेरिएबल म्हणतात. ते नावही मी बाबांना सांगितलं. त्यांनी त्यातला "कंडिशन" तेवढा उचलला आणि मान हलवली. प्लांटमध्ये मशीनच्या कंडिशनबद्दल रोजच बोलणं व्हायचं, त्यामुळे तो शब्द त्यांच्या घरचाच होता.

"चांगली पद्धत हाये," ते म्हणाले. "मंग पडते कुठी?"

"उठते, आत जाते, पोतं उचलाले हात घालते, अन् तिथी पोतंच नसते. तिथंच पडते."

"घंटी वाजली होती नं?"

"वाजली होती."

"मंग पोतं गेलं कुठी?"

"तेच तं समजून नाही राहिलं!" माझा आवाज चढला. कुंपणापलीकडच्या काकूंनी वाळत घातलेल्या कपड्यांआडून डोकावून पाहिलं.

बाबा काही वेळ पानं खुडत राहिले. मला वाटलं, विषय संपला. मग ते म्हणाले, "मी बी एकदा असाच पडलो होतो."

ही गोष्ट मी आधी कधी ऐकली नव्हती. चाळीस वर्षांत एकदाही नाही.

"नवा होतो," ते म्हणाले. "आमच्या शेडमदी दोन क्रेनी. त्या दिवशी दोनही चालू. भोंगा वाजला. मी वरून पाह्यलं, माहा रिलीवर खालून येऊन राहिला, गळ्यात गमछा, हातात डबा. म्या म्हनलं, आला आपला मानूस. उतरलो मी. शिडीच्या खाली आलो तं हा कुठीच नाही. वर पाह्यलं तं तो दुसऱ्या क्रेनच्या केबिनमदी चढून बसला. त्या क्रेनवाल्याचा बी रिलीवर आला नव्हता, त्यानं याले पयले हाक मारली. दोघं वाट पाहून राहिलो होतो अन् आला एक."

"मंग?"

"मंग काय. माही क्रेन खाली, केबिनमदी कोनीच नाही. हुकाले काही लटकून नव्हतं म्हनून बचलो. आमचा फोरमन होता, आपल्याच तिकडचा. त्यानं सगळ्याईच्या समोर धुतलं मले. म्हने, तू भोंगा ऐकला, मानूस पाह्यला, पन तुह्या हँडलवर त्याचा हात पडला का? मले चढवलं वापस अन् दुसरी पाळी बी कराले लावली. तुह्या मायले मी घरी येऊन सांगतलं की डबल ड्यूटी पडली. कावून पडली ते नाही सांगतलं."

"आईले कधीच नाही सांगितलं?"

"तुले बी आता सांगून राहिलो." त्यांनी निवडलेली पानं सुपात सारली. "तुहा लोडर उठल्यावर पाहते का, पोतं हाये की नाही?"

"पाहते ना. झोपायच्या आधी पाहते. खाली दिसली तरच झोपते."

"झोपाच्या आधी नाही म्हनून राहिलो मी. उठल्यावर."

"बाबा, घंटी पोतं आल्यावरच वाजते!"

"भोंगा बी टाइम झाल्यावरच वाजे," ते म्हणाले आणि सूप घेऊन आत गेले.

मी रागातच बसून राहिले. मग सहज, म्हणजे त्यांचं चूक आहे हे सिद्ध करायला, ती ओळ उघडली. मी लिहिलं होतं: जर खोली रिकामी असेल, तर झोप. त्याच्यापुढे लगेच, पोतं उचल. मधे काही नाही. आणि मग ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. घंटी वाजते तेव्हा एक लोडर झोपलेला आहे. पण दुसरा झोपलेला नाही, तो आधीचं पोतं पोचवून परत येतो आहे. पहिला डोळे चोळत चावीपर्यंत पोचतो, तोवर हा दुसरा चावी घेऊन आत जातो, पोतं उचलतो आणि चालता होतो. मग पहिल्याला चावी मिळते. तो बिचारा घंटीवर विश्वास ठेवून आत जातो आणि रिकाम्या जागेत हात घालतो.

लोडर एकच होता तोवर वर्षभर हे कधी घडलं नव्हतं, कारण त्याचं पोतं पळवणारं कुणी नव्हतं. मी दुसरा नेमला आणि पहिल्याला सांगितलंच नाही की आता उठल्यावर पुन्हा पाहत जा.

खरी लाज पुढेच आहे. हे मला माहीत होतं. घंटी वाजली तरी पुन्हा तपासायचं, कारण मधल्या वेळात काहीही बदललेलं असू शकतं, शिवाय कधी कधी झोपलेला घंटीशिवायही जागा होतो, हा आमच्या विषयातला पहिल्या इयत्तेचा धडा आहे. नोकरीच्या मुलाखतींत मी हाच प्रश्न विचारायचे. चुकणाऱ्यांना मनातल्या मनात नापास करायचे आणि वरून गोड हसायचे. त्या सगळ्यांची मी त्या पायरीवर बसून माफी मागितली. मग "जर" काढलं आणि "जोपर्यंत" घातलं: जोपर्यंत खोली रिकामी आहे, तोपर्यंत झोप. उठलास की पाहा, पोतं नसेल तर पुन्हा झोप, असेल तरच पुढे जा. एका शब्दाचा फरक. पुण्याला पाठवून दिला.

"बाबा," मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हटलं, "तुमचं बरोबर होतं." हे तीन शब्द माझ्या तोंडून निघायला फार वेळ लागतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे बाबांना.

"मंग लसूण सोल," ते म्हणाले.

तो आठवडा मी परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसा काढला, पण खरं सांगायचं तर फार सुखात काढला. चूक सापडली की माणूस हलका होतो. सकाळी बाबा त्यांच्या निवृत्त मंडळींसोबत बगिच्यात फिरायला जायचे आणि येताना उडदाचे गरम बडे, म्हणजे वडे, घेऊन यायचे. मी अंगणात बसून काम करायची. उन्हासोबत खुर्ची सरकवत सरकवत दुपारपर्यंत फाटकाजवळ पोचायची. संध्याकाळी बाबा यायचे आणि पाठीमागून विचारायचे, "पडला का?"

"नाही पडला."

"तिसरा दिवस नं आज?"

"तिसरा."

दुसरं म्हणजे, ऑफिसचं फर्मान मी त्यांच्या कानावर घातल्यापासून ते पुण्याबद्दल फार विचारू लागले होते. तिथी थंडी पडते का इतकी? तुह्या ऑफिसपासून घर किती दूर पडन? तिथी आपल्या तिकडचे लोकं असन नं? लाखोरी भेटते का? मी स्क्रीनवरचे डोळे न काढता "हो", "नाही", "माहीत नाही" असं तुकड्या-तुकड्यांत उत्तर द्यायची. मला वाटायचं, हे घाबरलेत. मी सोडून जाईन म्हणून घाबरलेत. प्रत्येक प्रश्नासरशी माझा हट्ट वाढत होता, की काही झालं तरी यांना इथून हलू द्यायचं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं की पुण्याच्या फ्लॅटमदी झाडं लावाले जागा असते का, तेव्हा मी चिडून म्हणाले, "बाबा, मले काम करू द्या." ते आत निघून गेले.

आठव्या दिवशी, अकराच्या सुमाराला पुण्याचा फोन आला.

"एकदाही पडला नाही," माझी वरची म्हणाली. तिच्या आवाजातच कळलं. "आणि मी वर बोलले. तुला सूट मिळाली. वर्षभराची. पुढच्या वर्षी याच सुमारास पुन्हा विचार करू, काय ते त्या वेळी बघू. चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय, धावेल," मी म्हणाले. ती हसली. मग तिने विचारलं, "काय होतं गं शेवटी?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हा प्रश्न तर तू मलाच विचारला होतास मुलाखतीत." मी फोन ठेवला.

बाबा मागच्या अंगणात वांग्याच्या रोपांना माती लावत होते. मी जवळजवळ धावतच गेले. "बाबा! आपल्याले कुठीच जा नाही लागत! सूट भेटली!"

मला वाटलं होतं ते खुश होतील. ते उठले, मातीचे हात झटकले आणि माझ्याकडे पाहत राहिले. "नाही जा लागत?"

"नाही. सालभर तरी नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. पण त्यात उत्साह नव्हता, नुसता गोंधळ होता. त्यांनी नळावर हात धुतले, आत गेले, आणि त्यांच्या खोलीतून एक पिशवी घेऊन आले. पिशवीत घडी केलेली तपकिरी शाल होती आणि एक नारळ.

"हे काय हाये?"

"मले तं त्याईनं निरोप बी देऊन टाकला," बाबा म्हणाले.

मला काही कळेना. "कोणाईनं?"

"बगिच्यातल्या लोकाईनं. परवा. हार घातला, शाल दिली, चार शब्द बोलले. एक जन तं रडला. आता काय सांगू त्याईले?"

बाबा पुण्याला यायला निघाले होते. मला न सांगता, आपल्या मनाशी. पलंगाखालची जुनी ट्रंक त्यांनी पुसून ठेवली होती, तीही मग मला दिसली. वांग्याची रोपं शेजारच्या काकूंच्या हवाली करायचं ठरवलं होतं, म्हणून त्यांना माती लावून नीट करत होते. मला हसू आलं, आणि लगेच भयंकर राग आला.

"मले एका शब्दानं विचारलं नाही? सरळ निरोप घेऊन आले?"

"तू विचारलं का मले?"

"तुमीच म्हणले होते! मले भिलाईतून हालवू नोको म्हणून!"

"कवा म्हनलो होतो?"

"आईच्या तेराव्याले."

"तेराव्याले," बाबा शांतपणे म्हणाले. ते ओसरीच्या पायरीवर बसले. "तवा मले जेवन बी नव्हतं जात, पोरी. तवा तं कोनी मले खाटेवरून उठ म्हनलं असतं तरी मी नाही म्हनलो असतो. त्याले साल किती झाले?"

"सहा."

"सहा सालात तू एकदा बी नाही विचारलं. मी वाट पाहून राहिलो होतो. मले वाटे, पोरगी माह्यापायी इथी अडकून राहिली. तिचं सगळं तिकडं हाये, दोस्त तिकडे, ऑफिस तिकडे. तिच्या तोंडून निघून नाही राहिलं. ऑफिसवाल्याईनं बोलावलं तं मी म्हनलं, बरं झालं, आता आपनच निंगा लागते."

मी त्यांच्याशेजारी बसले. सहा वर्षं मी पुण्यातल्या सगळ्यांना सांगत आले होते की वडील एकटे आहेत, ते येत नाहीत, माझा नाइलाज आहे. लोक हळहळायचे. मला ते बरं वाटायचं. सांगून सांगून मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आणि इकडे हा माणूस माझ्यासाठी ट्रंक पुसत होता.

"बाबा," मी म्हटलं, "मी तुमच्यासाठी नाही राहून राहिली."

ते माझ्याकडे वळले.

"मले इथी आवडते. मलेच. तिथी अकरा साल राहिली, पण मले सकाळी उठून बरं नाही वाटे. इथी वाटते. मी तुमचं नाव सांगत होती सगळ्याईले, पण मलेच नव्हतं जाचं." बोलता बोलता मला एकदम इतकं मोकळं वाटलं की रडू आणि हसू दोन्ही एकत्र आलं. इतकी साधी गोष्ट मी कधीच, कुणालाच, स्वतःलाही सांगितली नव्हती.

बाबांनी शालीची घडी मांडीवर ठेवून सारखी केली. "मंग हे कवा सांगनार होती?" ते म्हणाले. "मी स्टेशनात गाडीत बसल्यावर?"

आम्ही दोघंही हसलो. कुंपणापलीकडून काकूंनी विचारलं की काय झालं, आणि बाबांनी ओरडून सांगितलं की काही नाही, वांगे तुमाले नाही भेटत.

मग मी त्यांना विचारलं. सहा वर्षांनी, समोर बसून. "अन् तुमाले? तुमाले काय पाह्यजे बाबा? इथी राहाचं हाये की जाचं हाये?"

त्यांनी खरोखरच विचार केला, हे मला दिसलं. अंगणाकडे पाहिलं, रोपांकडे पाहिलं, घराच्या भिंतीकडे पाहिलं.

"आज तं इथीच बरं वाटते," ते म्हणाले. "पन तुह्या ऑफिसवाले सालभरानं वापस विचारनार म्हनते नं? तू बी मले विचारत जाजो."

"हाव," मी म्हटलं.